औषध-आयातीचा वाद आणि ‘सुरक्षित’ या शब्दाची वाटचाल

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे परदेशातून स्वस्तात आणू द्यावीत किंवा कसे, हा वाद अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. वरवर पाहता हा विषय अर्थशास्त्राचा आणि औषधनिर्माणशास्त्राचा. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण चटकन दिसत नाही. परंतु या वादाची कागदपत्रे, म्हणजे कायद्यांची कलमे, समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल, एकापाठोपाठ वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गोळीत कोणते द्रव्य आहे आणि ते शरीरात काय करते, याविषयी वाद घालणाऱ्या पक्षांत बहुधा मतभेद नसतो. मतभेद असतो तो ‘सुरक्षित’, ‘बनावट’, ‘अतिरिक्त धोका’ अशा मोजक्या शब्दांच्या अर्थाविषयी. हे शब्द एका देशातून दुसऱ्या देशात आणि एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाताना अर्थ बदलतात, आणि त्या बदललेल्या अर्थावर रुग्णाच्या हाती औषध पडणे अवलंबून राहते. तौलनिक अभ्यासाला परिचित असलेली ही अर्थांतराची प्रक्रिया इथे प्रत्यक्ष आयुर्मानाशी जोडलेली आहे.

१९९९ च्या जुलै महिन्यात व्हरमाँट राज्याचे तत्कालीन काँग्रेस-सदस्य बर्नी सँडर्स स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या काही स्त्रियांना बसने माँट्रिअलला घेऊन गेले. तिथे टॅमॉक्सिफेन हे औषध अमेरिकेतील दराच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळाले. पुढील काही वर्षांत उत्तरेकडील राज्यांतून वृद्धांच्या अशा सहली नित्याच्या झाल्या. २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या शहराने तर आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी कॅनडातून औषधे मागवण्याची योजनाच सुरू केली. कायद्याच्या भाषेत हे सारे नियमबाह्य होते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन स्वतःच्या उपयोगासाठी साधारण ९० दिवसांपुरते औषध आणणाऱ्या व्यक्तीकडे बहुधा कानाडोळा करीत असे. परंतु कानाडोळा करणे म्हणजे परवानगी देणे नव्हे, हे ते प्रशासन वेळोवेळी स्पष्ट करी.

या नियमबाह्यतेचे मूळ १९८७ च्या प्रिस्क्रिप्शन ड्रग मार्केटिंग अॅक्टमध्ये आहे. अमेरिकेत तयार होऊन निर्यात झालेले औषध पुन्हा देशात आणण्याचा अधिकार या कायद्याने केवळ त्याच्या उत्पादकाला दिला. बनावट आणि वाट चुकवून आलेला माल रोखणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु याच तरतुदीमुळे बाजारपेठांची विभागणीही पक्की झाली. ज्या औषधाचा उगमच परदेशी कारखान्यात आहे त्याची अडवणूक वेगळ्या वाटेने होत असे. कॅनडात विक्रीस मान्यता मिळालेल्या गोळीचे द्रव्य तेच असले तरी तिच्या वेष्टनावरील मजकूर अमेरिकी नियमांप्रमाणे नसतो. म्हणून अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ती ‘मिसब्रँडेड’, म्हणजे चुकीच्या ओळखपत्राची, ठरते. गोळीत दोष नसतो. दोष तिच्या सोबतच्या मजकुरात असतो. हा भेद बसमधून आलेल्या स्त्रियांना समजावून सांगणे कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याला जड गेले असते.

२००० मध्ये काँग्रेसने औषधविक्रेत्यांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना काही परदेशांतून औषधे आणू देणारा कायदा संमत केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. मात्र त्यात एक कलम घातलेले होते. या आयातीमुळे जनतेच्या आरोग्याला व सुरक्षिततेला कोणताही अतिरिक्त धोका पोहोचणार नाही आणि ग्राहकांच्या खर्चात लक्षणीय घट होईल, असे आरोग्यमंत्र्यांनी प्रमाणित केल्याखेरीज कायदा अमलात यायचा नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डोना शॅलेला यांनी असे प्रमाणपत्र देण्यास नकार दिला. २००१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी टॉमी थॉम्पसन यांनीही नकार दिला. २००३ च्या मेडिकेअर सुधारणा कायद्याने ही योजना फक्त कॅनडापुरती मर्यादित करून पुन्हा लिहिली. प्रमाणपत्राची अट मात्र जशीच्या तशी राहिली. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या मंत्र्यांनी एकच उत्तर द्यावे, यात राजकारणाइतकाच त्या वाक्यरचनेचाही वाटा आहे. ‘कोणताही अतिरिक्त धोका नाही’ हे विधान शब्दशः घेतले तर ते कोणीच, कधीच करू शकणार नाही. वितरणाच्या साखळीत एक दुवा वाढला की शून्याहून अधिक असा काहीतरी धोका वाढतोच. कायदा करणाऱ्यांनी दार बांधले आणि किल्ली अशा ठिकाणी ठेवली की दार उघडले नाही याचा दोष त्यांच्यावर येऊ नये, असे या कलमाचे वर्णन केले तर ते अन्यायाचे होणार नाही.

२००४ च्या डिसेंबरात सर्जन जनरल रिचर्ड कार्मोना यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने आपला अहवाल सादर केला. व्यापारी आयात सुरक्षित करायची तर देखरेखीवर मोठा खर्च करावा लागेल आणि एकंदर बचत मात्र औषधांवरील देशाच्या खर्चाच्या शेकडा एक ते दोन इतकीच होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे सोळा वर्षे कलम तेच राहिले. २०१८ मध्ये ज्या अॅलेक्स अझार यांनी आरोग्यमंत्री या नात्याने आयातीची कल्पना ही निव्वळ दिखाऊ युक्ती असल्याचे म्हटले होते, त्याच अझार यांनी २०२० च्या सप्टेंबरात हवे असलेले प्रमाणपत्र दिले. या दोन वर्षांत कॅनडाची औषधे अधिक सुरक्षित झाली नव्हती. बदलला होता तो वाचक, आणि काही अंशी वाचनाची पद्धत: धोका शून्य आहे काय, असे न विचारता चाचणी, नव्याने लेबल लावणे आणि मालाचा मागोवा घेणे या अटी घातल्यावर धोका वाढतो काय, असे विचारले गेले. औषध-उत्पादकांच्या संघटनेने याविरुद्ध केलेला दावा २०२३ मध्ये न्यायालयाने, दावा करण्याचा अधिकार सिद्ध होत नाही या कारणास्तव, फेटाळला. ५ जानेवारी २०२४ रोजी फ्लोरिडा या राज्याला अशा आयातीची पहिली परवानगी मिळाली. तीही प्रत्येक औषधाचा स्वतंत्र तपशील पुढे सादर करण्याच्या अटीवर.

कॅनडात औषध स्वस्त का, हा प्रश्न या गदारोळात अनेकदा बाजूला पडतो. योगायोग असा की कॅनडाची दर-व्यवस्थाही १९८७ चीच आहे. त्या वर्षी तेथील सरकारने पेटंटधारकांना सक्तीच्या परवान्यांपासून अधिक संरक्षण दिले आणि त्याचा तोल राखण्यासाठी पेटंट असलेल्या औषधांचे दर तपासणारे मंडळ स्थापन केले. हे मंडळ अन्य देशांतील दरांशी तुलना करून दर अवाजवी आहे की नाही ते ठरवते. २०२२ पर्यंत या तुलनेच्या सात देशांच्या यादीत खुद्द अमेरिकेचाही समावेश होता. त्या वर्षीच्या जुलैपासून अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांना वगळून अकरा देशांची नवी यादी आली. म्हणजे अमेरिकी रुग्ण सीमेपलीकडून जी वस्तू आणू पाहतो ती खरे तर केवळ गोळी नाही. दुसऱ्या देशाच्या संसदेने घेतलेला एक निर्णय तो आणू पाहतो. पेटंट संपलेल्या औषधांच्या बाबतीत गणित पुष्कळदा उलटे होते, तिथे अमेरिकेतील दर कमी असतात. आणि कॅनडाची लोकसंख्या सुमारे चार कोटी, एकट्या फ्लोरिडाची दोन कोटींहून अधिक. त्यामुळे २०२० च्या नोव्हेंबरात कॅनडाने, देशात टंचाई निर्माण होईल किंवा वाढेल अशा औषधांची परदेशी उपभोगासाठी विक्री करण्यास मनाई केली. एका बाजूला आयातीचा परवाना आणि दुसऱ्या बाजूला निर्यातीची मनाई, अशी दोन कागदपत्रे आज सीमेच्या दोन अंगांना समोरासमोर उभी आहेत.

सुरक्षिततेचा मुद्दा हा कंपन्यांनी उभा केलेला निव्वळ बागुलबुवा आहे, असे आयातीचे समर्थक म्हणतात. ते पूर्णतः मान्य करता येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भारत, इस्रायल, कोस्टारिका आणि वानुआतू या चार देशांतून आलेली टपालाची पाकिटे तपासली. त्यांतील जवळजवळ निम्मी औषधे ग्राहकांनी ‘कॅनडातील’ दुकानांकडे मागवलेली होती. आणि कॅनडाची म्हणून विकल्या गेलेल्या या औषधांपैकी शेकडा ८५ प्रत्यक्षात सत्तावीस निरनिराळ्या देशांतून आली होती. २०१२ मध्ये कर्करोगावरील अवास्टिन या औषधाच्या नावाने अमेरिकी दवाखान्यांत पोहोचलेल्या काही कुप्यांत मूळ औषधी द्रव्यच नव्हते; त्या अनेक देशांतील मध्यस्थांच्या हातांतून फिरत आल्या होत्या. कर्करोगाच्या रुग्णाला पाण्यासारखे काहीतरी टोचले जाणे हा कल्पनेतला धोका नव्हे.

पण ही उदाहरणे नेमके काय सिद्ध करतात? माँट्रिअलच्या दुकानात समोर उभे राहून घेतलेली बाटली आणि अज्ञात पत्त्यावरून आलेले पाकीट या दोहोंना ‘आयात’ हा एकच शब्द लावला जातो, आणि दुसरीचा धोका पहिलीच्या माथी येतो. धोका असतो तो मालाच्या हस्तांतराच्या साखळीत. देशाच्या सीमेशी त्याचे नाते आनुषंगिक असते. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. या ग्लिसरॉलने कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडलेली नव्हती. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीची पद्धत, रुग्णालय आणि राज्याचे औषध प्रशासन या सर्वांवर ठपका ठेवला. त्याच विषारी द्रव्याने २०२२ मध्ये सीमा ओलांडली: गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन सुमारे सत्तर बालके मरण पावली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हरयाणात तयार झालेल्या चार पातळ औषधांविषयी इशारा दिला. भारत सरकारने आपल्याकडील नमुने निर्दोष असल्याचे सांगितले. अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या तपासात मात्र या औषधांशी असलेला संबंध बळकट दिसला. गांबियाकडे औषधे तपासण्याची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. ज्या देशांत सुरक्षिततेची चर्चा सर्वांत उच्चरवाने होते त्यांच्यापेक्षा ती चर्चा करण्याची साधनेच नसलेल्या देशांत या शब्दाची किंमत अधिक मोजावी लागते.

ग्रंथव्यवहाराशी परिचित असलेल्यांना या वादाची एक बाजू ओळखीची वाटेल. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्तीवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा आशयाची ओळ छापलेली असते. तोच मजकूर, स्वस्त कागद, कमी किंमत आणि भौगोलिक बंधन. अशा स्वस्त परदेशी प्रती अमेरिकेत आणून विकता येतील काय, हा प्रश्न जॉन वायली या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायदेशीररीत्या छापलेली प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुनर्विक्रीवरील प्रकाशकाचा ताबा संपतो, मग ती कुठेही छापलेली असो, असा निर्णय २०१३ मध्ये झाला. २०१७ मध्ये लेक्समार्क या कंपनीच्या खटल्यात छपाईयंत्राच्या शाईच्या डब्यांबाबत हेच तत्त्व पेटंटलाही लागू झाले. म्हणजे पेटंटधारकाने स्वतः परदेशात विकलेल्या वस्तूच्या आयातीला पेटंटची आडकाठी बव्हंशी उरली नाही. पुस्तक सुटले, शाईचा डबा सुटला. औषध सुटले नाही, कारण त्याला अडवणारा कायदा संपदेचा नसून सुरक्षिततेचा आहे. २०१७ नंतर ‘सुरक्षित’ या एका शब्दावर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक भार पडला तो यामुळे.

‘बनावट’ या शब्दाचा प्रवास याहूनही गुंतागुंतीचा आहे, आणि त्याची सुरुवात भारताच्या बाबतीत उलट्या दिशेने होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तक्रार होती ती भारतात येणाऱ्या परदेशी औषधांविषयी. निकृष्ट आणि भेसळयुक्त आयात माल देशात खपवला जातो, या ओरडीतून १९३० मध्ये रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९३७ मध्ये जे विधेयक मांडले गेले ते केवळ आयातीपुरते होते. त्याची व्याप्ती वाढून १९४० चा औषधविषयक कायदा झाला. आजही त्या कायद्यात आयातीचे प्रकरण स्वतंत्र आहे, आणि सदोष औषधांचे ‘मिसब्रँडेड’, ‘अॅडल्टरेटेड’ आणि ‘स्प्युरियस’ असे तीन वर्ग त्यात वेगळे केलेले आहेत: ओळख चुकीची असलेले, भेसळ झालेले आणि दुसऱ्याच्या नावाखाली फसवणारे. मराठी वृत्तपत्रांत या तिन्हींसाठी सरसकट ‘बनावट’ हा शब्द पडतो, आणि कायद्याने कष्टाने राखलेला भेद एका मथळ्यात नाहीसा होतो.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘काउंटरफीट’ या इंग्रजी शब्दाने असाच, पण हेतुपूर्वक वाटावा असा, घोळ घातला. बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात, म्हणजे ट्रिप्समध्ये, हा शब्द व्यापारचिन्हाच्या नकलेसाठी योजलेला आहे. आरोग्याच्या चर्चेत तो घातक औषधासाठी वापरला जाऊ लागला. दोन अर्थ एकाच शब्दात नांदू लागले की ज्याच्यावर एक आरोप आहे त्याच्यावर दुसरा आपोआप येतो. २००८ च्या डिसेंबरात भारतातून ब्राझीलला निघालेला लोसार्टन या रक्तदाबावरील औषधाचा साठा डच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम येथे अडवला. पेटंट ना भारतात होते ना ब्राझीलमध्ये. होते ते फक्त वाटेतल्या देशात. त्यानंतर २००९ च्या मे महिन्यात फ्रँकफर्टला घडलेली घटना भाषेच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. भारतातून वानुआतूला जाणारा अमॉक्सिसिलिनच्या सुमारे तीस लाख गोळ्यांचा साठा तिथे काही आठवडे अडकून पडला, कारण ‘अमॉक्सिसिलिन’ हे नाव ‘अमॉक्सिल’ या व्यापारी नावाची नक्कल असल्याचा संशय अधिकाऱ्यांना आला. वस्तुतः ‘अमॉक्सिसिलिन’ हे कोणाच्याही मालकीचे नसलेले सामान्यनाम आहे. जागतिक आरोग्य संघटना १९५० पासून अशी नावे ठरवते आणि त्यांच्या शेवटी ‘-सिलिन’सारखे प्रत्यय योजून औषधाचे कुळ सूचित करते. व्यापारी नाव हे विशेषनाम. त्यात सामान्यनामाची अक्षरे घेतली गेल्यामुळे सामान्यनामच चोर ठरले. संबंधित कंपनीने उल्लंघन झालेले नसल्याचे कळवल्यावर माल सुटला. भारत आणि ब्राझील यांनी २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २०११ मध्ये भारत व युरोपीय संघ यांच्यात समझोता झाला.

केनियाच्या २००८ च्या बनावट वस्तूविरोधी कायद्यात ‘काउंटरफीट’ची व्याख्या इतकी सैल होती की मान्यताप्राप्त जेनेरिक औषधेही तीत सापडावीत. २०१२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हा धोका ओळखून एचआयव्हीबाधित अर्जदारांच्या बाजूने निर्णय दिला. अखेर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने तो शब्दच बाजूला ठेवून ‘निकृष्ट’ आणि ‘खोटी ओळख दिलेले’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा स्वीकारल्या. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये समांतर आयातीला वाट देणारे कलम केले तेव्हा ३९ कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. २००१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी माघार घेतली. त्यापूर्वी दोनच महिने मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा संच ३५० डॉलरला देऊ केला होता, आणि ‘स्वस्त म्हणजे संशयास्पद’ या समीकरणाला त्याने दिलेला धक्का कोणत्याही व्याख्येहून मोठा होता.

या साऱ्या शब्दव्यवहाराचे सर्वांत बोचरे उदाहरण इन्सुलिनचे आहे. ते टोरांटो येथे १९२१-२२ मध्ये सिद्ध झाले, आणि बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी त्याचे पेटंटहक्क १९२३ मध्ये प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिले. २०१९ च्या उन्हाळ्यात मधुमेही अमेरिकी नागरिकांचे जथे ते विकत घेण्यासाठी ओंटारिओत गेले. बँटिंगचे घर ज्या लंडन नावाच्या गावी जतन केलेले आहे तिथे, आणि जुलैमध्ये सँडर्स यांच्यासमवेत विंडसरला. कॅनडात त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. परंतु २०२० च्या ज्या नियमाने आयातीचे दार उघडले त्यात जैविक उत्पादने वगळलेली आहेत, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेत इन्सुलिनची गणना ‘औषधा’ऐवजी ‘जैविक उत्पादना’त होऊ लागली होती. सीमा ओलांडण्याची निकड ज्या द्रव्यामुळे सर्वाधिक होती ते द्रव्य अशा रीतीने व्याख्येबाहेर राहिले. दिलासा आला तो दुसऱ्या मार्गाने: २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरला काही औषधांच्या दरांविषयी वाटाघाटी करण्याची मुभा दिली आणि २०२३ पासून मेडिकेअरच्या लाभार्थ्यांसाठी इन्सुलिनचा मासिक भार ३५ डॉलरपुरता मर्यादित केला. पासष्टीच्या आतील विमा नसलेल्या मधुमेह्यांना ही मर्यादा लागू नाही.